घामाने उजळणारा दिवा

आपल्या मराठी भाषेने मनाचा पत्ता फार पूर्वीच शरीरात शोधून ठेवला आहे. भीती वाटली की आपल्या छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, तोंडचे पाणी पळते. राग आला की कानशिले तापतात, हर्षाने अंगावर रोमांच उभे राहतात आणि चारचौघांत उभे राहून बोलायची वेळ आली की तळहातांना दरदरून घाम फुटतो. असे बोलणाऱ्याला आपण काही अलंकार योजीत आहोत असे वाटत नाही, आणि शरीरशास्त्रज्ञालाही तसे वाटणार नाही. तळहातावरील घामाच्या ग्रंथींना चेतविणारे मज्जातंतू आपल्या इच्छेच्या आज्ञेत नसतात. मनुष्य चेहरा आवरू शकतो, आवाज सांभाळू शकतो. तळहात मात्र मनात आणून कोरडा ठेवता येत नाही.

ह्या घामाचा माग घेऊन माणसाच्या अंतरीची खळबळ बाहेर दाखविणारे उपकरण करता येईल काय, आणि करता आले तरी ते कोणाच्या हाती असावे, हे प्रश्न गेले दीड वर्ष आमच्या मनात घोळत आहेत. ते आमच्यापर्यंत पोचले सोनगीरच्या एका तांबटाच्या घरातून.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेस वीसेक किलोमीटर गेले की टेकडीवरचा जुना किल्ला दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी साऱ्या खानदेशात नावाजलेले. हंडे, घागरी, बंब, परात ही लग्नाची भांडी घ्यावीत ती सोनगीरची, असे आमच्या धर्मग्रामातील वृद्ध स्त्रिया आजही सांगतात. स्टीलने आणि मागाहून प्लास्टिकने ह्या धंद्याचे काय केले हे निराळे सांगायला नको. ठोके अजून ऐकू येतात, पण विरळ झाले आहेत.

अशाच एका घरातील वृद्ध गृहस्थांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. घरी-दारी सगळे त्यांना आप्पा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. उजवे अंग गेले आणि त्याबरोबर वाचाही गेली. बोललेले त्यांना पुष्कळसे समजते असे डॉक्टर म्हणतात. परंतु तोंडून शब्द येतो तो एकच : ‘हो’. जेवायचे का, हो. दुखते का, हो. दुखत नाही ना, हो. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झालेल्या काही रुग्णांच्या ओठी असा एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि तो होकारालाही चालतो, नकारालाही. मान हलविण्यातही असाच गोंधळ. आजीबाई दिवसातून दहा वेळा कानाशी वाकून विचारीत, “बरं वाटस का?” आणि आप्पा ‘हो’ म्हणत. त्या ‘हो’चा अर्थ काय, हे पन्नास वर्षांचा संसार केलेल्या त्या माउलीलाही सांगता येत नसे.

त्यांचा नातू शाळेत असताना आमच्या वसतिगृहात राहत होता. आता तो धुळ्यास इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतो. शेवटच्या वर्षी काहीतरी यंत्र करून दाखवावे लागते, तर आपण आप्पांसाठीच करावे, असे त्याने ठरविले.

यंत्राची कल्पना सोपी आहे. दोन बोटांना धातूच्या दोन पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टचा, अंगाला जाणवणारही नाही असा, विजेचा दाब ठेवायचा. घाम म्हणजे खारे पाणी. मनाला धक्का बसला की तो ग्रंथींच्या नळ्यांतून वर चढतो, त्वचा वीज अधिक सहजपणे वाहू देते, आणि एक ते तीन सेकंदांत हा फरक मोजता येतो. ‘आर्डुइनो’ नावाची तळहाताएवढी पाटी बाजारात मिळते; ती हे मोजमाप करी आणि त्याप्रमाणे एका काचेच्या डब्यातील दिव्याचा रंग बदली. निळा, मग पिवळा, मग तांबडा.

पट्ट्या अर्थातच तांब्याच्या होत्या. मुलाच्या काकांनी त्या स्वतः ठोकून, घासून, कडा गुळगुळीत करून दिल्या. पहिले दोन दिवस दिवा छान चालला. तिसऱ्या दिवशी आप्पा गाढ झोपेत असताना तो तांबडा झाला आणि तसाच राहिला. चौकशीअंती कळले की दोष तांब्याचा होता. खाऱ्या घामाशी तांब्याची रासायनिक क्रिया होते आणि पट्टीच्या पृष्ठभागी स्वतःचाच विद्युत्‌दाब निर्माण होतो; यंत्र मग आप्पांच्या मनाऐवजी तांब्याचे मन मोजू लागते. ह्यासाठी चांदी व तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर अशी पट्टी वापरतात. रुग्णालयात हृदयाचा आलेख काढताना छातीला चिकटवितात त्या चकत्यांतही हेच असते. तांबटाच्या घरात तांबे नापास व्हावे ह्याचे काकांना फार वाईट वाटले. ते दोन दिवस पुतण्याशी बोलले नाहीत. शेवटी आजीबाईंनी नातवाच्या बारशातील चांदीचा वाळा काढून दिला. तो कापून, मिठाच्या पाण्यात बुडवून, बॅटरीची वीज देऊन त्याच्यावर जांभळट करडा थर चढविण्यात आला. तो वाळा आप्पांनीच हौसेने आणलेला होता.

मग उन्हाळा आला. खानदेशचा उन्हाळा वाचकांस ठाऊक आहे. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की पंख्याखाली स्वस्थ पडलेला मनुष्यही घामाघूम होतो. तेव्हा सकाळी दहापासून दिवा तांबडालाल. मुलाने पुन्हा सारे हिशेब बदलले. घामाची सावकाश चढणारी पातळी सोडून द्यायची आणि एकाएकी आलेली उसळी तेवढी मोजायची, असे त्याने यंत्राला शिकविले.

शोध तसा जुनाच. इ. स. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल फेरे ह्यांनी आणि दोन वर्षांनी रशियात इव्हान तार्खानोव्ह ह्यांनी भावनेचा आणि त्वचेतील विजेचा हा संबंध दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल युंग रुग्णांपुढे एकेक शब्द उच्चारीत आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा कोणत्या शब्दाला हलतो ते पाहत. पुढे १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पोलिसखात्यात असलेल्या जॉन लार्सन ह्यांनी रक्तदाब आणि श्वास ह्यांचा आलेख कागदावर उमटविणारे यंत्र सिद्ध केले. घामाची नोंद त्यात मागाहून आली. लोक त्याला खोटे पकडणारे यंत्र म्हणू लागले. त्या बिचाऱ्या यंत्राला खरेखोटे काही कळत नाही, कळते ती केवळ खळबळ. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसविलेल्या निरपराध गरिबाच्या तळहाताला घाम येणार नाही तर कोणाच्या येईल?

हे ज्ञान माणसाच्या सोबतीला वापरावे अशी कल्पना बऱ्याच उशिरा पुढे आली. अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेतील प्राध्यापिका रोझलिंड पिकार्ड ह्यांचा ‘अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग’ हा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हातमोजा तयार केला होता. तळहाताची त्वचा चेतली की मोज्याच्या पाठीवरील छोटा दिवा उजळे. १९९९ मध्ये एका परिसंवादाच्या वेळी सभागृहातील श्रोत्यांना असे मोजे वाटण्यात आले. व्याख्यानाच्या आरंभी आणि प्रत्यक्ष प्रयोग दाखविताना दिवे उजळत आणि व्याख्यान लांबत गेले की मंदावत. आम्हां प्रवचनकारांच्या सुदैवाने हे मोजे अद्याप आमच्या देवळांत पोचलेले नाहीत.

पुढे ह्याच प्रयोगशाळेतून मनगटाला बांधण्याचे पट्टे निघाले. एका विद्यार्थ्याने आपल्या न बोलणाऱ्या स्वमग्न भावासाठी सुटीत ते घरी नेले. एके दिवशी एका मनगटावरील नोंद एवढी उसळलेली दिसली की पट्टा बिघडला असावा असे प्राध्यापिकाबाईंना वाटले. दुसऱ्या मनगटावर तर काहीच नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की त्याच सुमारास मुलाला अपस्माराचा झटका आला होता. त्या धाग्यावरून संशोधन होत गेले आणि २०१८ साली अपस्मारावर लक्ष ठेवणाऱ्या एका मनगटी पट्ट्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. आम्हांला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. भावना शोधायला निघालेल्यांना निराळेच काही सापडले, कारण घामाने ‘येथे काहीतरी झाले आहे’ एवढेच सांगितले होते. काय झाले ते माणसांनी माणसांना विचारून शोधून काढले.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस ह्यांनी गणलेले अकरा भावावेग आम्ही पाठ केले होते. प्रत्येक आवेगाबरोबर शरीरात काही पालट होतोच, हे त्यांचे म्हणणे. त्याच काळी ग्रंथालयात भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा मराठी परिचय हाती लागला. भरतांनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि त्यांत स्तंभ, रोमांच, अश्रू ह्यांच्या पंक्तीत स्वेदही आहे. स्वेद म्हणजे घामच. ह्या घामाची कारणे सांगताना त्यांनी क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप अशी लांबलचक यादी दिली आहे. मुलाने यंत्र घेऊन आमच्याकडे येऊन अडचणी सांगितल्या तेव्हा आम्हांला ती यादी आठवली. नटाचा घाम पाहून तो क्रोधाचा की हर्षाचा हे प्रेक्षकाला समजते ते कथेच्या संदर्भामुळे. घामात तशी खूण नसते. सोनगीरच्या मे महिन्यासकट सर्व शंका त्या प्राचीन आचार्यांनी आधीच नोंदवून ठेवल्या होत्या म्हणायच्या! चेहऱ्याचेही तेच. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पूर्वीचे संशोधन धुंडाळून असे दाखविले की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाची भावना खात्रीने ओळखता येत नाही.

घरच्यांनी मात्र रंगांचे अर्थ केव्हाच ठरवून टाकले होते. निळा म्हणजे आप्पा सुखात, तांबडा म्हणजे आप्पा रागात. पाहुणे येत ते आप्पांच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी डब्याकडे पाहून बोलत. शेजारची मुले त्यांना गुदगुल्या करून दिवा पेटतो का पाहत. इतपत ठीक होते. पण त्याच सुमारास कारखान्याचा प्रश्न निघाला. कारखाना म्हणजे घरामागील पत्र्याची शेड, भट्टी आणि हत्यारे. थोरल्या मुलाचे म्हणणे, गिऱ्हाईक आले आहे, कर्ज डोक्यावर आहे, विकून मोकळे व्हावे. धाकट्याचे, म्हणजे काकांचे म्हणणे, आप्पा जिवंत असेपर्यंत विकायचे नाही. दोघेही कष्टाळू, दोघांचेही बापावर प्रेम. असल्या तंट्यात कोणाचा पक्ष खोटा म्हणावा?

त्या दिवशी आम्ही तेथे होतो. गिऱ्हाईक ओसरीवर बसले होते. थोरल्याने बापाला विचारले, “आप्पा, शेड देऊन टाकू ना?” आप्पा म्हणाले, “हो.” साऱ्यांच्या नजरा डब्याकडे वळल्या. दिवा तांबडा झाला. काका उसळून म्हणाले, “पाहा, राग आला त्यांना.” थोरला म्हणाला, “राग कसला? मन मोकळे झाले म्हणून भरून आले असेल.” मग दोघांनी आवाज चढविले, आणि आवाज चढले तसा दिवाही अधिक उजळला; त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या बाजूने लावला. गिऱ्हाईकसुद्धा मान वाकडी करून दिव्याकडे पाहत होते, जणू भाव तेथेच ठरायचा होता. आप्पांनी डावा हात उचलला, अंगावरची घोंगडी ओढली आणि दिव्यावर टाकली. मग भिंतीकडे तोंड केले.

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. नातू मात्र रडू लागला.

परतीच्या वाटेवर आम्हांला एका जुन्या निवाड्याची आठवण झाली. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खटल्यात आरोपीला दोषी ठरविताना मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता आणि त्याची जगभर चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या प्रकरणात असा निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलहरींची चाचणी कोणाच्याही संमतीवाचून सक्तीने करता येणार नाही. आपल्याच विरुद्ध बोलण्याची सक्ती कोणावर होऊ नये, हे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील तत्त्व न्यायमूर्तींनी तोंडाच्या शब्दांपुरते मर्यादित ठेवले नाही. शरीराकडून वदवून घेतलेली साक्षही त्यात आली. युरोपीय संघाने तर कारखाने, कचेऱ्या आणि शाळा येथे माणसांच्या भावना ताडणारी यंत्रे वापरण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली आहेत. आप्पांना हे कायदे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांच्यापाशी घोंगडी होती.

आमच्या व्यवसायातही ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनी १५७७ साली देवळांच्या बांधणीविषयी जे नियम लिहिले, त्यांत पापनिवेदनाच्या आसनात धर्मगुरू आणि निवेदन करणारा ह्यांच्यामध्ये जाळी असावी असे सांगितले आहे. जाळीतून शब्द येतो, हुंदकाही ऐकू येतो. चेहरा राहतो तो पलीकडेच. १९८३ च्या धर्मविधानसंहितेतील ९६४ वे कलमही असे की ज्यांची इच्छा असेल त्यांना अशी जाळी उपलब्ध असावी. जाळी हवी असणाऱ्याला ती नाकारणे धर्मगुरूच्या हाती नसते. तीस वर्षांच्या सेवेत आम्ही जाळीपलीकडे जे ऐकले, त्यातील अर्धेही समोरासमोर ऐकावयास मिळाले नसते, असे आम्हांस वाटते.

नातू आठवड्याने आला तेव्हा त्याला ही जाळी दाखविली. फार बोललो नाही. तो हुशार आहे. यंत्र मोडून टाकावे असे त्याच्या मनात होते. तसे न करता त्याने तीन बदल केले. पहिला म्हणजे रंग काढून टाकले. आता एकच पिवळा उजेड आहे, समईसारखा, कमीअधिक होणारा. त्याला राग किंवा आनंद अशी नावे ठेवता येत नाहीत. दुसरा, डब्याचे तोंड आप्पांकडे केले; इतरांना तो पाहायचा तर त्यांच्या शेजारी खाटेवर बसावे लागते. तिसरा बदल त्याला सर्वांत कठीण गेला. आप्पांच्या डाव्या अंगठ्याखाली एक बटण बसविले, आणि ते दाबून धरल्यावाचून दिवा लागतच नाही. पण दाबण्याच्या श्रमानेच थोडा घाम सुटतो आणि आकडा वर जातो. त्यामुळे दाबल्यानंतरचे पहिले काही क्षण सोडून द्यावे लागले, शिवाय बटण इतके हलके करावे लागले की फुंकरीनेही लागेल की काय असे वाटावे. महाविद्यालयातील परीक्षकांनी विचारले, एवढा संवेदक केलास आणि रुग्णालाच तो बंद करू दिलास? गुण त्याला बेताचेच मिळाले.

कारखान्याविषयी पुन्हा विचारणे झाले ते ह्या नव्या दिव्यापुढे आणि ह्या खेपेस गिऱ्हाइकावाचून. दोघे भाऊ खाटेवर बसले. आजीबाईंनीच सुचविले की एकदम मोठा प्रश्न विचारू नका, एकेक वस्तू पुढे ठेवा. शेडची किल्ली ठेवली. आप्पांनी बटण दाबले, उजेड मंदच राहिला. भट्टीचा भाता दाखविला, तसाच. हिशेबाची वही ठेवली, तेव्हा थोडा हलला. मग काकांनी दोन्ही हातांनी उचलून लहान ऐरण आणली आणि दिवा एकदम उजळला. तरी कोणी अर्थ लावला नाही. अर्थ लावण्याची सवय आता त्या घराने सोडली होती. पुन्हा किल्ली, पुन्हा ऐरण, मग दोन्ही, असे तासभर चालले. अखेर आप्पांनी बटण सोडले, हात लांब करून ऐरणीवर ठेवला आणि म्हणाले, “हो.”

शेड विकली गेली. ऐरण त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी आहे. आप्पांना खरोखर तेवढेच सांगायचे होते की आणखीही काही मनात राहून गेले, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बरेच दिवस तर ते बटणाला हातही लावीत नाहीत. लावतात ते बहुधा संध्याकाळी, काका त्या ऐरणीवर काही किरकोळ काम घेऊन बसले म्हणजे. ठोके सुरू झाले की दिवा थोडा उजळतो आणि एका लयीत ठोके पडत राहिले की मंदावतो. ह्यात गूढ काही नाही. तोच तो आवाज पुन्हापुन्हा कानी पडला की शरीर त्याची दखल घेणे कमी करते. पण काकांचा एखादा ठोका चुकला, पत्र्याऐवजी कडेवर पडला, की दिवा उसळी घेतो. काका मान वर न करता म्हणतात, “समजले, समजले.”

सध्या काका दिव्यासाठी तांब्याचे झाकण ठोकीत आहेत. तांब्याला काहीतरी जागा मिळालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्याला जाळीसारखी बारीक छिद्रे असावीत हे ठरले आहे. किती असावीत आणि कोणत्या बाजूस, ह्यावर काका-पुतण्यांचे अजून एकमत झालेले नाही.